दगडाचे रूळ आणि चकवा

रविवारी इंग्लंडमधल्या डार्टमूरच्या माळावर, हेटॉरच्या मागच्या बाजूला, आम्हाला चकवा लागला. नवरा अजूनही मान्य करत नाही, त्याच्या मते आपण 'जरा लांबून आलो'.

टॉर म्हणजे उघड्या माळावर अचानक उभा राहिलेला ग्रॅनाइटचा ढिगारा. हेटॉरची उंची ४५७ मीटर हे कळल्यावर मी हसलेच होते, कळसूबाई १,६४६ आहे म्हटलं! पण वय ऐकून गप्प झाले. हा दगड साधारण २८ कोटी वर्षांचा, आपला सह्याद्री त्यापुढे साडेसहा कोटींचं पोरगं.

वर चढायला खडकात पायऱ्या खोदल्यात. गंमत म्हणजे १८५१ मधे एका गृहस्थांनी त्यावर छापून तक्रार केलीय, की आजकालच्या ढेरपोट्या सुस्त लोकांसाठी हे असलं करून ठेवलंय. वाचून इतकं बरं वाटलं ना, म्हणजे गडावरच्या रेलिंगवरून भांडणारे फक्त आपणच नाही. (दगडावर नावं मात्र आपल्याकडे जास्त, ते कबूल.)

तर उतरताना धुकं आलं, आणि पाच मिनिटात टॉर गायब, म्हणजे एवढा डोंगर पुसूनच टाकला कोणीतरी. तेवढ्यात कुत्रं घेऊन एक आजोबा आले, म्हणाले पिक्सी (इथल्या गोष्टींतले खोडकर बुटके) वाट चुकवतात, कोट उलटा करून घाला. मी उडालेच! आमची गुहागरची आजी म्हणायची चकवा लागला की आहे तिथेच बसून राहायचं. इथे थंडीत बसलो असतो तर झालंच होतं, म्हणून मी मुकाट्याने जॅकेट उलटं केलं. नवरा म्हणाला, इंजिनियर ना तू?

आणि मग पायाला रूळ लागला. लोखंडाचा नाही हो, ग्रॅनाइटचाच, चाक घसरू नये म्हणून दगडालाच कड कोरलेली. जॉर्ज टेम्पलर नावाच्या माणसाने १८२० मधे खाणीपासून खाली कालव्यापर्यंत ही लाइन टाकली, भरलेले डबे उतारावर आपसूक जायचे, रिकामे वर ओढायला घोडे. आपली बोरीबंदर-ठाणे १८५३ ची, पण ती वाफेवर होती, सांगून ठेवते. मी खाली बसून हात लावून बघितला, ओला, गार, आणि खाचेत मेंढीच्या लेंड्या. दोनशे वर्षं झाली तरी जागच्या जागी, ना तिकीट ना कुंपण ना 'हात लावू नये'ची पाटी. आपल्याकडे असता तर कोणाच्या तरी अंगणात पायरी झाला असता, असं मनात आलं आणि स्वतःचाच राग आला, कारण आमच्या वाड्याची पायरी नेमकी कुठून आली ते कुणी विचारलंय?

इथला दगड १८३१ च्या लंडन ब्रिजला गेला, आणि तो पूल १९६८ मधे एका अमेरिकन माणसाने विकत घेऊन चक्क ॲरिझोनात नेऊन उभा केला. आईला फोनवर हे मुद्दाम सांगितलं. 'परत कधी येताय' या प्रश्नाला तेवढंच उत्तर होतं माझ्याकडे.

त्या रुळाच्या कडेकडेने खाली आलो, रस्ता लागला, मग गाडी. बसताना नवरा हसायला लागला. जॅकेट अजून उलटंच होतं, आणि कमरेशी 'गार पाण्यात धुवा'ची पट्टी लोंबत होती.