मालवणची जुनी स्पीडबोट आणि हिडकलचं पाणी

आंबोली घाटातून बोट वर आणणार असाल तर इंजिनाआधी ट्रेलरची चाकं बघा. समुद्रावर वापरलेल्या ट्रेलरचा हब (चाकाचा मधला भाग, यातच बेअरिंग असतं) गरम असतानाच खाऱ्या पाण्यात उतरवतात. तो थंड होताना सीलमधून पाणी आत ओढून घेतो आणि बेअरिंग आतून गंजतं. सावंतवाडीत थांबून दोन्ही हब उघडले, जुनं तपकिरी ग्रीस काढलं, नवं भरलं. मग आंबोली, पाटणे फाटा, शिनोळी करत बेळगाव. वाटेत मधून मधून उतरून हबला हात लावायचा. हात ठेववत नसेल तर गाडी बाजूला घ्यायची, पुढच्या गावापर्यंत तरी जाऊ म्हणायचं नाही. इंजिन वर उचललेलं असेल तर त्याच्या पायाखाली लाकडाचा ठोकळा देऊन आवळून बांधा. नाहीतर प्रत्येक खड्ड्याचा धक्का थेट बोटीच्या मागच्या फळीला बसतो.

बोट पंधरा फुटी, फायबरची. मागे दोन सिलिंडरचं ४० एचपीचं टू-स्ट्रोक इंजिन. चिकोडी तालुक्यातल्या आमच्या गावाने २०१९ आणि २०२१ चा कृष्णेचा पूर बघितलाय. गावाची स्वतःची एक बोट हवी, हे मंडळातल्या पोरांच्या तेव्हापासून डोक्यात होतं. मालवणात पर्यटकांना फिरवून थकलेली ही स्वस्तात मिळाली. कृष्णेत घालण्याआधी ती हिडकल धरणाच्या बॅकवॉटरमध्ये नीट पारखायची, असं ठरलं.

त्याआधी उद्यमबाग, बेळगावची औद्योगिक वसाहत. बेळगावात बोटीचा मेस्त्री शोधत बसू नका. इथे लेथवाले आहेत, फाउंड्रीवाले आहेत, हायड्रॉलिकवाले आहेत. काम नेमकं सांगता आलं तर ते चोख करून देतात. पहिलं काम ट्रान्समचं, म्हणजे इंजिन टांगायच्या मागच्या फळीचं. बाहेरून फायबर चकचकीत दिसतं, पण आत प्लायवूड असतं आणि बोल्टच्या भोकांतून झिरपलेलं पाणी ते कुजवतं. हातोडीच्या दांड्याने ठोकत जा. शाबूत जागी टणक आवाज येतो, कुजलेल्या जागी बद्द. संशय असेल तिथे आतल्या बाजूने ४ मिमीचं भोक पाडा. बाहेर आलेला भुसा ओला आणि काळपट असेल तर वाद संपला. आमचा ओलाच निघाला. आतलं फायबर कापलं, १८ मिमीच्या मरीन प्लायचे दोन थर इपॉक्सीने चिकटवून बसवले आणि वरून पुन्हा फायबर चढवलं. बोल्टची भोकं आधी मोठी पाडून इपॉक्सीने बुजवायची आणि मग त्यातून नेमकी पाडायची, म्हणजे लाकडाला पाणी लागतच नाही. बोल्ट एसएस ३१६ चे घ्या. चुंबक चिकटत नाही म्हणून ३१६ असं दुकानदार सांगेल, पण चुंबक ३०४ लाही चिकटत नाही. बिल बघा. या कामात सगळ्यात जास्त पैसे गेले, आणि माझ्या मते तेवढेच पैसे सत्कारणी लागले. चाळीस घोड्यांचं इंजिन कुजक्या फळीवर लावून वेग बघायला निघणारे लोक मी बघितलेत.

इंजिनाला त्या मानाने कमी लागलं. दोन्ही प्लग काढून, त्यांच्या वायरी अर्थ करून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून कॉम्प्रेशन मोजा. दोन सिलिंडरमध्ये दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक नसावा. खालच्या गिअरबॉक्सचं ऑइल थोडं काढून बघा. ताकासारखं पांढरट असेल तर सील गेलंय. पाणी खेचणाऱ्या पंपाचा रबरी इम्पेलर जुन्या इंजिनात न बघताच बदला, आणि इंजिनाचं तापमान सांभाळणाऱ्या थर्मोस्टॅटच्या खोबणीत बसलेलं मीठ खरवडून काढा. कोरडं इंजिन क्षणभरही चालवू नका, इम्पेलर तिथेच जळतो. आम्ही बॅरलमध्ये पाय बुडवून सुरू केलं. मागच्या भोकातून पाण्याची धार जोरात आली पाहिजे. हीच धार पुढे पाण्यावरही दर थोड्या वेळाने वळून बघायची. आणखी एक, समुद्रातून गोड्या पाण्यात येताना इंजिनाऐवजी स्वतः झिजणारे जस्ताचे अ‍ॅनोड काढून मॅग्नेशियमचे लावा. गोड्या पाण्यात जस्तावर साय धरते आणि ते काम करेनासं होतं.

ऑइलवरून मेस्त्रींशी थोडं वाजलं. “ओ, गाडीचं टू-टी घाला की, काय होतंय?” होतं ते असं. मोटरसायकलच्या ऑइलची राख होते, आणि पाण्याने थंड राहणाऱ्या इंजिनात ती रिंगांवर व पिस्टनवर साठते. डब्यावर टीसी-डब्ल्यू३ (बोटीच्या टू-स्ट्रोक इंजिनाच्या ऑइलचा दर्जा) लिहिलेलंच ऑइल घ्या. प्रमाण इंजिनाच्या पुस्तकात असेल ते. आमचं ५० ला १, म्हणजे १० लिटरला २०० मिली. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते जुन्या रबरी नळ्या आणि हाताने दाबायचा बल्ब मऊ करतं, शिवाय हवेतला ओलावा ओढून घेतं. नळ्या सरसकट बदलल्या. टाकीत महिनोन्‌महिने पेट्रोल ठेवायचं नाही, हा नियमच केला.

हिडकलला जायचं तर हायवेने वंटमुरी घाट उतरून पुढे. घटप्रभेवरचं हे राजा लखमगौडा धरण, साठा ५१ टीएमसी. बोट उतरवायची तर पाटबंधारे खात्याची लेखी परवानगी आधी घ्या. यांत्रिक बोटीची नोंदणीही २०२१ च्या अंतर्देशीय जहाज कायद्याखाली लागते. धरणाची भिंत आणि दरवाजे यांच्या आसपास फिरकूही नका. बेळगावच्या नळाला या धरणाचंही पाणी येतं, हे लक्षात ठेवा. टू-स्ट्रोक इंजिन थोडं ऑइल न जळताच पाण्यात सोडतं, त्यामुळे चाचणी आटोपशीर ठेवली आणि पेट्रोल काठावर नव्हे, वर रस्त्यावर भरलं. नुसत्या हौसेसाठी तिथे टू-स्ट्रोक फिरवावं असं मला वाटत नाही.

दिवाळीनंतर जा, तेव्हा पाणी भरपूर असतं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की हुन्नूरचं विठ्ठल मंदिर वर येतं, लोक दर्शनाला जातात. म्हणजे पाणी मध्यम असताना तेच दगड, जुन्या भिंती आणि झाडांची खोडं वीतभर पाण्याखाली दबा धरून असतात. मासेमारांना विचारल्याशिवाय वेग घेऊ नका. त्यांची जाळी थर्माकोलच्या तुकड्यांवर तरंगतात आणि तिरक्या उन्हात अजिबात दिसत नाहीत. जाळ्याचा धागा पंख्यामागे (प्रोपेलरमागे) गुंडाळला गेला तर त्यांचं नुकसान होतंच, आपलंही सील कापतं. धारदार चाकू हाताशी हवा.

पहिल्या फेरीत बोट नाळ, म्हणजे पुढचं टोक, आकाशात धरून नुसती ढकलली जात होती, पाण्यावर चढून घसरत पळेना. पूर्ण थ्रॉटलला इंजिनाचे मिनिटाला फेरे ४,२०० च्या वर जात नव्हते. या इंजिनाला ४,५०० ते ५,५०० हवेत. फेरे मोजणारा टॅकोमीटर नसेल तर प्लगच्या वायरीला गुंडाळायचा छोटा डिजिटल मीटर घ्या. कारण सोपं होतं. इंजिन समुद्रसपाटीवरच्या पंख्याने आलेलं आणि हिडकलचं पाणी साडेसहाशे मीटर उंचीवर. दर ३०० मीटरला साधारण ३ टक्के ताकद जाते, वर पाच माणसं. १३ इंच पिचचा (पिच म्हणजे एका फेऱ्यात पंख्याने पुढे सरकायचं अंतर) पंखा काढून ११ चा लावला. एक इंच पिच कमी केलं की दीडशे-दोनशे फेरे वाढतात. बोट चढली.

चढली, पण आता नाळ आपटत उड्या मारू लागली. इंजिनाच्या तिरकेपणाची पिन एक भोक आत घेतली, बॅटरी आणि पेट्रोलची टाकी मागून मधल्या फळीखाली सरकवली, उड्या थांबल्या. नाळ पाण्यात खुपसून स्टेअरिंग जड होत असेल तर उलट करायचं, पिन बाहेर. वळताना इंजिन एकदम किंचाळून वेग पडत असेल तर पंखा हवा खातोय. पंख्यावरची आडवी पट्टी बोटीच्या तळाशी समपातळीत, फार तर इंचभर वर असावी. आमचं इंजिन दोन इंच वर टांगलेलं होतं. ट्रान्सम नवाच केला होता, त्यामुळे खाली घेणं सोपं गेलं. स्टेअरिंग एका बाजूला ओढत असेल तर पंख्यामागचं छोटं पातं, बोट ज्या बाजूला ओढते त्याच बाजूला त्याची मागची कड जराशी वळवा. एवढं झाल्यावर बोट एका हाताने वळू लागली, आणि त्यात इंजिनाची ताकद काडीभरही वाढवलेली नव्हती.

किल-स्विचची, म्हणजे ओढली की इंजिन बंद पाडणारी, दोरी चालवणाऱ्याच्या मनगटाला किंवा लाइफ जॅकेटला बांधलेली असल्याशिवाय किल्ली द्यायची नाही. मुलं हसतात, हसू देत. चालक पडला तर रिकामी बोट गोल फिरून त्याच्याच अंगावर येते. दोरी ओढून इंजिन खरंच बंद पडतं का, ते दर वेळी काठावरच बघा.

कृष्णेत मात्र वेगळा हिशेब. कल्लोळ-यडूरचा बंधारा पावसाळ्यात पाण्याखाली जातो, आणि वरून पाणी सपाट दिसलं तरी बंधाऱ्याखालचा भोवरा बोट परत खेचून धरतो. त्याच्यावरून कितीही खोल पाणी असलं तरी बोट न्यायची नाही, हे आम्ही पोरांकडून वदवून घेतलंय. शिवारात शिरलं की बुडालेला ऊस आणि कुंपणाच्या तारा पंख्यात येतात. तिथे इंजिन वर उचलून बांबूने ढकलत जायचं. विजेच्या तारा पाण्याच्या जवळ लोंबतात, म्हणून वीज तोडल्याची खात्री झाल्याशिवाय वस्तीत शिरायचं नाही. लोकांना काढायचं काम तहसीलदार किंवा बचाव पथकाने सांगितलं तरच. नाहीतर दूध, औषधं, वैरण पोचवणं एवढंच या बोटीचं काम.