बेस येत नाही? आधी डिकीत मीटर लावा

रविवारी माझ्याकडे कुणी गाडी घेऊन आलं की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: ‘अँप गेलाय बहुतेक, बेसच येत नाही.’ अँप म्हणजे अँप्लिफायर, गाण्याच्या सिग्नलला ताकद देणारा डबा. मी भोसरीला एका कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला आहे आणि गाडीतला साऊंड हा कॉलेजपासूनचा नाद. आजवर उघडलेल्या डिक्यांमध्ये खरोखर मेलेले अँप थोडेच निघाले. बाकीचे उपाशी होते. त्यांना हवा तेवढा करंट पोचतच नव्हता, आणि दुकानात त्यावर एकच औषध मिळतं ते म्हणजे आणखी मोठा अँप. त्याची भूक आणखी मोठी.

दिवाळीनंतर साताऱ्याहून माझा भाचा त्याची सेकंड हँड स्विफ्ट घेऊन आला. डिकीत १२ इंची दोन सबवुफर (फक्त बेस वाजवणारे मोठे स्पीकर, थोडक्यात सब), एकाच बॉक्समध्ये, आणि शेजारी मोनो अँप. जोरात बेस आला की हेडलाईट मिचकायचे, अँपचा हिरवा दिवा लाल व्हायचा, क्षणभर सगळं गप्प आणि मग पुन्हा सुरू. तो म्हणाला, “मामा, दुकानदार म्हणतोय हा ३००० वॅटचा अँप वीक झालाय, आता ५००० चा टाका. पैसे भरायच्या आधी म्हटलं तुम्हाला दाखवावं.”

अँप उलटा करून पाहिला. बाजूला ३० अँपिअरचे दोन फ्यूज. म्हणजे हा अँप सलग ६० अँपिअरपेक्षा जास्त ओढूच शकत नाही. गाडी चालू असताना साधारण १३.५ व्होल्ट धरा, अशा क्लास-डी जातीच्या अँपची कार्यक्षमता ८० टक्के धरा, तर बाहेर पडणार ६५० वॅटच्या आसपास, तेही सगळं नीट असेल तर. ३००० वॅट खरोखर काढायचे तर पावणेतीनशे अँपिअर लागतील. खोक्यावरचा आकडा हा पीकचा, म्हणजे क्षणभराचा, आकडा असतो, किंवा छापखान्याचा. आत कागदावर बारीक अक्षरात खरं लिहिलेलं होतं: २ ओहमच्या स्पीकरला ५०० वॅट आरएमएस, म्हणजे सलग मिळणारी खरी पॉवर. त्या दोन सबना ५०० वॅट भरपूर आहेत. मग ते जातायत कुठे, हा प्रश्न.

इथे मीटर लावायची एक पद्धत आहे आणि ती चुकली की सगळं निदान चुकतं. गाडी बंद, गाणं बंद, अँपच्या टर्मिनलवर मीटर लावला, १२.४ आले, “सप्लाय ओके आहे” म्हणून मोकळे, हे मी दुकानांत नेहमी बघतो. त्या वेळी वायरमधून करंटच वाहत नसतो. केसाएवढी तार लावली तरी मीटर १२.४ च दाखवेल. मोजायचं ते लोडवर. गाण्यावर मीटरचा आकडा नाचत राहतो, म्हणून फोनमध्ये ५० हर्ट्झचा सलग टोन ठेवायचा, इंजिन चालू ठेवायचं, आवाज वाढवायचा आणि काही सेकंदांत आकडा वाचून टोन बंद करायचा. जास्त वेळ वाजवलात तर सबमधली कॉईल तापते.

भाच्याच्या गाडीत शांत असताना अँपवर १३.९ होते. टोन सुरू केला आणि आकडा १०.८ वर आला. बॅटरीवर त्याच वेळी १३.५. म्हणजे बॅटरी आणि डिकी यांच्यामध्ये २.७ व्होल्ट हरवले. असे अँप बहुतेक साध्या सप्लायचे असतात (आत व्होल्टेज सांभाळून धरायची सोय नसते), व्होल्टेज पडलं की पॉवर वर्गाच्या हिशोबाने पडते. १३.५ चे १०.८ झाले की एक तृतीयांशाहून जास्त पॉवर गेली. आणि १०-१०.५ च्या आसपास बरेच अँप स्वतःला वाचवायला बंद होतात. लाल दिवा तोच.

आता हरवलेले २.७ शोधायचे. यासाठी लांब वायरचा मीटर हवा. मी जुन्या एक्स्टेंशनची वायर प्रोबला जोडून ठेवली आहे. एक टोक बॅटरीच्या प्लसवर, दुसरं अँपच्या प्लसवर, आणि टोन. निरोगी वायरिंगमध्ये इथे जेमतेम काही दशांश व्होल्ट दिसावेत. १.३ आले. मग एक टोक बॅटरीच्या मायनसवर, दुसरं अँपच्या मायनसवर: १.४. दोन्ही बाजू सारख्याच आजारी.

मायनसची बाजू आधी घेतली, कारण ती सगळ्यात दुर्लक्षित असते. मागच्या सीटच्या ब्रॅकेटजवळ गालिचा उचलला. अर्थची वायर एका रिंगमध्ये दाबलेली, आणि ती रिंग पत्र्याच्या साध्या स्क्रूने, रंगावरच, आवळलेली. स्क्रूचे आटे जेवढे पत्र्यात शिरले तेवढाच धातूला धातू लागत होता. रिंगखालचा रंग चकतीच्या आकारात तपकिरी होऊन फुगला होता, कडेने गंजाची नारिंगी रेघ, आणि वायरचं प्लास्टिक रिंगपासून बोटभर कडक झालेलं. बोट लावलं तर चटका बसला. बसणारच. ५० अँपिअर गुणिले १.४ व्होल्ट म्हणजे ७० वॅट, एका स्क्रूवर. सोल्डरिंगची चांगली गन एवढी तापते. तो स्क्रू काढून शेजारी भरीव पत्र्यावर जागा निवडली, खालून पेट्रोलची किंवा ब्रेकची लाईन जात नाही ना ते वाकून बघितलं, पॉलिश पेपरने रंग चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासला, आठ एमएमचा नटबोल्ट, दातेरी वॉशर, तांब्याची लग (वायरच्या टोकाला बसवायचा धातूचा तुकडा), आणि वरून ग्रीसचा हात, गंज चढू नये म्हणून. वायर जेमतेम हातभर ठेवली.

प्लसच्या बाजूला जे सापडलं त्याने मात्र डोकं तापलं. किटमधली वायर बोटाएवढी जाड दिसत होती, पण टोक सोललं तर आत तारा मूठभर आणि बाकी सगळं प्लास्टिक. एक तार ब्लेडने खरवडली की आत चंदेरी: तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम. अ‍ॅल्युमिनियमची वहनक्षमता तांब्याच्या ६१ टक्के असते, त्यात तारा कमी. हेही एक वेळ समजू शकतो, स्वस्तातलं किट. पण फ्यूज डिकीत, अँपच्या शेजारी लावला होता! बॅटरीपासून डिकीपर्यंत पाच मीटर वायर, इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्यातून रबरी ग्रोमेट न लावता ओढलेली, पत्र्याची धार तिच्यावर घासतेय, आणि त्या संपूर्ण लांबीला फ्यूज नाही. ती वायर कुठेही सोलून बॉडीला लागली असती तर बॅटरीने काहीशे अँपिअर तिच्यात ओतले असते आणि डिकीतला फ्यूज शाबूत राहिला असता. फ्यूज अँपला वाचवायला नसतो, वायरला वाचवायला असतो, म्हणून त्याची जागा बॅटरीजवळ, दीड फुटाच्या आत. या गाडीत माझी बहीण बसते, भाच्याची पोरगी बसते. मी कुणाच्याही गाडीचं बॉनेट उघडलं की आता पहिल्यांदा हे बघतो, बेसचं नंतर. तुम्हीही आजच बघा.

नवीन वायरसाठी ब्रँडेड ४ गेज किट घ्यायलाच हवं असं नाही. मी वेल्डिंगची २५ स्क्वेअर एमएम तांब्याची केबल वापरतो. ४ गेज म्हणजे सुमारे २१ स्क्वेअर एमएम, त्यामुळे ही थोडी सरसच. बारीक तारांची असते, हवी तशी वळते, आणि आपल्याकडे पुण्यात तापकीर गल्लीत काय, कुठल्याही एमआयडीसीच्या हार्डवेअरमध्ये काय, मीटरवर मिळते. घेताना एक तार खरवडून बघा, हल्ली वेल्डिंगच्या केबलमध्येही अ‍ॅल्युमिनियम येतं. अँपच्या भोकात ती घट्ट बसते, म्हणून पिन टाईप लग लावून क्रिम्प करायची, म्हणजे त्यासाठीच्या हत्याराने पक्की दाबायची. पक्कडीने चेपून इन्सुलेशन टेप गुंडाळणं म्हणजे क्रिम्प नव्हे. बॅटरीजवळ ८० अँपिअरचा फ्यूज, पत्र्यातून जाताना ग्रोमेट, वर कोरुगेटेड पाईप. सिग्नलची आरसीए केबल गाडीच्या दुसऱ्या बाजूने नेली, नाहीतर इंजिनच्या आरपीएमबरोबर चढणारी ती बारीक शिट्टी ऐकू येते.

पुन्हा टोन. अँपवर १३.१. लाल दिवा गायब, हेडलाईट थोडे हलतात पण मिचकत नाहीत. (दुकानदाराने हेडलाईटसाठी एक फॅरडचा कपॅसिटरही सुचवला होता. कपॅसिटर करंट तयार करत नाही. अल्टरनेटरला झेपत नसेल तर त्यालाही अल्टरनेटरच भरणार.)

भाचा खूश झाला, पण माझं समाधान होईना. १०.८ चे १३.१ झाले म्हणजे पॉवर जवळपास दीडपट. ऐकायला हे खूप वाटतं, पण कानाला दीडपट पॉवर म्हणजे दोन डेसिबलही नाही. दुप्पट पॉवर केली तर ३ डेसिबल वाढतात, आणि आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटायला सुमारे १० लागतात. १२ इंची दोन सब असताना छातीत जे जाणवायला हवं ते अजूनही येत नव्हतं. मी पखवाजाचं रेकॉर्डिंग लावतो तपासायला. धुमेवर, म्हणजे डाव्या तोंडावर, कणीक लावलेला पखवाज चांगला रेकॉर्ड झाला असेल तर त्याची थाप कमी आवाजातही खालून उचलते. इथे थापेचा वरचा फटका येत होता आणि खालची घुमक नव्हती.

अँपपासून बॉक्सची वायर सोडवली आणि रेझिस्टन्स बघितला: १.८ ओहम. ४ ओहमचे दोन सब पॅरलल म्हणजे २ ओहम, आणि डीसी मीटरवर ते थोडं कमीच दिसतं, म्हणजे दोन्ही कॉईल जिवंत. कोन दोन्ही हातांनी सारखा दाब देऊन आत ढकलला, कुठे खरखर नाही, जळका वासही नाही. मग एक पेन्सिल सेल घेतला. बॉक्सच्या टर्मिनलला सेलचं प्लस-मायनस लावलं आणि भाच्याला म्हटलं, “नीट बघ रे.” डावा कोन बाहेर आला. उजवा आत गेला.

“मामा, हे उलटं कसं?”

बॉक्सच्या आत उजव्या सबला लाल-काळी वायर उलटी जोडलेली. एक कोन हवा ढकलतो त्याच क्षणी दुसरा तीच हवा ओढून घेतो, बॉक्सच्या आतल्या आत हवा इकडून तिकडे, आणि डिकीबाहेर फारसं काही येतच नाही. खालच्या सुरांच्या लहरी काही मीटर लांबीच्या असतात, तेवढ्या जवळचे दोन कोन उलटे हलले की ते एकमेकांना जवळपास पुसून टाकतात. अँप ५००० वॅटचा टाकला असता तरी हेच झालं असतं, फक्त जास्त करंट खाऊन. दोन वायरी अदलाबदल केल्या, स्क्रू आवळले आणि पखवाज पुन्हा लावला. मागच्या नंबर प्लेटची चौकट खडखडली आणि भाच्याने आपणहून आवाज कमी केला.

मग गेन. बेस येत नाही म्हणून दुकानात गेन आणि बेस बूस्ट दोन्ही शेवटपर्यंत फिरवून दिले होते. गेन म्हणजे व्हॉल्यूम नाही, डेकचा (डॅशबोर्डवरच्या म्युझिक सिस्टीमचा) सिग्नल अँपला जुळवून घ्यायची ती जागा आहे. शेवटपर्यंत फिरवलं की लहरींचे माथे छाटले जातात, सपाट माथ्याची लहर त्याच उंचीच्या गोल लहरीच्या दुपटीपर्यंत पॉवर कॉईलमध्ये ओतू शकते, आणि कॉईल जळते. जुळवायची साधी रीत: सब सोडवा, बूस्ट शून्य, डेक पाऊण आवाजावर, ५० हर्ट्झचा टोन, आणि मीटर एसी व्होल्टवर. हवी ती पॉवर गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ. ५०० गुणिले २ म्हणजे १०००, वर्गमूळ ३१.६. मीटरवर साडेएकतीस येईपर्यंत गेन वाढवायचा आणि थांबायचं. आपल्या घरची वीज ५० हर्ट्झचीच असल्यामुळे स्वस्तातला मीटरही हा आकडा नीट दाखवतो. भाच्याचा गेन मध्याच्याही खाली थांबला. लो पास, म्हणजे वरचे सूर अडवणारा फिल्टर, ८० हर्ट्झवर ठेवला.

खरोखर गेलेला अँप ओळखणंही अवघड नाही. स्पीकरच्या वायरी काढा, आरसीए काढा, फक्त प्लस, अर्थ आणि रिमोट (अँप चालू करायचा इशारा देणारी बारीक वायर) ठेवा. तरीही दिवा लाल असेल तर दोष आत आहे, बहुधा आउटपुटचे मॉसफेट (करंट चालू-बंद करणारे ट्रान्झिस्टर) शॉर्ट. रिमोट न देताच फ्यूज उडत असेल तर सप्लायच्या बाजूचे मॉसफेट बघायला सांगा. आणि स्पीकर काढल्यावर दिवा हिरवा झाला तर अँप ठीक आहे, वायर कुठेतरी शॉर्ट आहे किंवा ओहम कमी पडतायत: ड्युअल कॉईलचे ४ ओहमवाले दोन सब सगळे पॅरलल केले की १ ओहम होतो, आणि २ ओहमपर्यंतचा अँप तिथे हात टेकतो. मॉसफेट गेलेला अँपही फेकू नका, चांगला कारागीर दुरुस्त करून देतो. त्याला एवढंच सांगा की गेलेला एकच न बदलता त्या रांगेतले सगळे एकाच नंबरचे बदल, नाहीतर राहिलेले जुने पुढच्या महिन्यात जातात.

भाच्याच्या गाडीत केबल, लग, फ्यूज होल्डर आणि ग्रोमेट मिळून नव्या अँपच्या किमतीचा छोटासा भाग खर्च झाला. उरलेल्या पैशांत पुढच्या दारांचं डॅम्पिंग करायचं ठरलंय, कारण सब सुधारल्यावर दारांचे पत्रे वाजतायत. ते काम जानेवारीत घेऊ.