मॅकले स्ट्रीटवाला मॅकले

आमच्या हॅरिसबर्गला आलेला पाहुणा गाडीत बसल्यावर रस्त्यांच्या पाट्या वाचतो आणि मॅकले स्ट्रीट आला की विचारतो, "हा मॅकले कोण?" तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो. आणि हो, माझ्यासमोर हे नाव काढलंत की वेळ जातो, हे बायकोला विचारा.

विल्यम मॅकले हा अमेरिकेच्या पहिल्या सिनेटमधला, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहातला, आमच्या पेनसिल्व्हेनिया राज्याचा सभासद. व्यवसायाने वकील आणि जमीन मोजणारा. हॅरिसबर्गची आखणी १७८५ साली त्यानेच केली, कारण गाव वसवणारा जॉन हॅरिस त्याचा सासरा. १७८९ साली तो न्यूयॉर्कला, म्हणजे तेव्हाच्या राजधानीत, सिनेटमध्ये गेला. एकदम सगळी सिनेट बदलू नये म्हणून सभासदांचे तीन गट करून कोणाची मुदत किती वर्षांची यासाठी चिठ्ठ्या टाकल्या. पेनसिल्व्हेनियाचा दुसरा सभासद रॉबर्ट मॉरिस, त्याला सहा वर्षं मिळाली, मॅकलेला दोन. त्याची सिनेटमधली कारकीर्द तेवढीच.

मग एवढं कौतुक कशाचं? त्याच्या डायरीचं. तेव्हा सिनेट दारं लावून भरायची. प्रेक्षकांसाठी ती उघडली १७९५ साली. आत कोण काय बोललं याची अधिकृत नोंद अगदी त्रोटक. मॅकले मात्र गुडघ्यातला संधिवात सोसत खोलीवर यायचा आणि दिवसाचं सगळं लिहून ठेवायचा, तेही चिडून.

उपराष्ट्राध्यक्ष जॉन ॲडम्स सिनेटचे अध्यक्ष. राष्ट्राध्यक्षाला 'हिज हायनेस'सारखी भारदस्त पदवी हवी म्हणून ते हटून बसले. राजा नुकताच घालवलाय आणि आता ही थेरं कशाला, म्हणून मॅकले उठून उठून विरोध करी. शेवटी साधं 'प्रेसिडेंट'च राहिलं. डायरीत ॲडम्सना त्याने नुकतीच विजार चढवलेल्या माकडाची उपमा दिली आहे. पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांच्याकडच्या जेवणावरही लिहिलंय: मंडळी गंभीर, कोणी बोलेना, आणि टेबलावरचं कापड काढल्यावर राष्ट्राध्यक्ष हातातल्या काट्याने टेबलाच्या कडेवर ठकठक करत बसलेले.

सगळ्यात मोलाची नोंद २२ ऑगस्ट १७८९ची. दक्षिणेकडच्या आदिवासी जमातींशी करायच्या तहाबद्दल सिनेटचा सल्ला घ्यायला वॉशिंग्टन स्वतः आले. ॲडम्सनी कागद वाचायला घेतला, पण खिडकीबाहेर घोडागाड्यांचा इतका खडखडाट की शब्द कळेना. वाचून होताच ॲडम्स 'हो की नाही' विचारायला लागले. मॅकले उठला आणि म्हणाला, आधी संबंधित कागदपत्रं वाचा. मग मॉरिसने विषय समितीकडे द्यायची सूचना केली. वॉशिंग्टन भडकले, माझ्या इथे येण्याचा सगळा हेतूच फसतोय, असं म्हणाले. सोमवारी पुन्हा आले, काम उरकलं, पण असा सल्ला मागायला त्यानंतर कधी आले नाहीत. राष्ट्राध्यक्षाने समोर बसून सल्ला घ्यायची प्रथा पडायच्या आतच मोडली, आणि तो प्रसंग आपल्याला इतका बारकाईने दिसतो तो मॅकलेमुळे. मात्र तो निःपक्षपाती नव्हता हेही ध्यानात ठेवा. त्याच्या वहीत बाकीचे बहुतेक लबाड किंवा मूर्ख असतात आणि शहाणा एकटा मॅकले.

अर्थमंत्री हॅमिल्टनच्या कर्जयोजनेवर, म्हणजे युद्धातली देणी पूर्ण फेडायच्या योजनेवर, त्याचा राग मात्र मला पटतो. स्वातंत्र्ययुद्धात सैनिकांना पगाराऐवजी 'पैसे नंतर देऊ' असे सरकारी कागद मिळाले होते. नडीला आलेल्या माणसांनी ते कवडीमोलाने विकले. सरकार पूर्ण रक्कम देणार अशी कुणकुण लागताच धनिकांनी आडगावांत माणसं पाठवून उरलेले गोळा केले. मॅकले विरोधात बोलला, पण योजना मंजूर झाली.

१७९१ साली मुदत संपली आणि त्याला पुन्हा निवडलं नाही. गंमत म्हणजे दुसऱ्या कोणालाही निवडता आलं नाही, कारण तेव्हा सिनेटचा सभासद राज्याचं विधिमंडळ निवडायचं, आणि निवडणूक कशी घ्यायची यावरच पेनसिल्व्हेनियाच्या विधिमंडळाच्या दोन सभागृहांत भांडण. जागा १७९३पर्यंत रिकामी. मॅकले हॅरिसबर्गला परतला आणि १८०४ साली इथेच गेला. डायरी पूर्ण छापून आली १८९० साली.

बरं, पाटी मागे गेली. पुढच्या सिग्नलला उजवीकडे वळलं की नदी दिसेल.