वाटेने जाणाऱ्यांनो, बघा

आज शेजारच्या आंटींबरोबर गोव्यातल्या सासष्टीत, त्यांच्या माहेरी पासोसला, म्हणजे येशूच्या दुःखसहनाच्या मिरवणुकीला गेले होते. खांद्यावर क्रूस घेतलेल्या येशूची मूर्ती मिरवणुकीने निघते. मध्येच सगळे थांबतात आणि वेरोनिका (वाटेत येशूचा चेहरा पुसणारी बाई) झालेली मुलगी उंचावर उभी राहून हळूहळू त्याच्या चेहऱ्याचा ठसा असलेलं कापड उलगडत लॅटिनमध्ये गाते, ‘ओ वोस ओम्नेस’. वाटेने जाणाऱ्यांनो, माझ्या दुःखासारखं दुःख कुठे आहे का, बघा. (ही वेरोनिका बायबलमधल्या चारही शुभवर्तमानांत नाही. आंटींना सांगायची हिंमत झाली नाही!)

मी नगरकडची, प्रोटेस्टंट घरातली. हे शब्द बायबलमधल्या विलापगीत १:१२ या वचनाचे, आणि ते मी लहानपणापासून ऐकलं ते जेरुसलेमचं रडणं म्हणून. इ.स.पू. ५८७ च्या सुमारास बाबेलने शहर पाडलं, मंदिर जाळलं, आणि ते विधवेसारखं रस्त्यावर बसून हाका मारतंय. प्रोटेस्टंट धर्मसुधारक कॅल्विनही तसंच वाचतो. कॅथलिक परंपरेत तेच शब्द येशूचे होतात, कधी दुःखी मरियेचे. अर्थात रेघ इतकी सरळ नाही; लुथरन (म्हणजे प्रोटेस्टंटच) संगीतकार हँडेलच्या ‘मसाया’ या संगीतरचनेतही ते ख्रिस्ताच्या दुःखालाच लावलेत.

मला खटकलं ते वेगळंच. त्या वचनात पुढे म्हटलंय की हे दुःख परमेश्वरानेच त्याच्या क्रोधाच्या दिवशी दिलं. आमच्या पाळकांचा सगळा भर त्यावर, पश्चात्तापावर. गाणं मात्र त्याआधीच थांबतं. देवाला जाब विचारणारा तो भाग गाळायला नको होता, असं मला अजूनही वाटतं.

परतताना आंटींना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, “ते राहू दे गं, पण यंदाच्या पोरीचा सूर बघितलास?”