शीट वाकवायची नाही, पडू द्यायची

बाइकला छोटी विंडशील्ड घरीच करायची हे बरेच दिवस डोक्यात होतं, शेवटी झाली, पण दुसऱ्या खेपेला. पहिली कशी गेली ते आधी सांगतो, कारण खरं शिकलो ते तिथंच.

३ एमएमची क्लिअर अॅक्रिलिक शीट घेतली, हीट गनने एकेक पट्टा तापवत हाताने वाकवत गेलो आणि जिथं वळेना तिथं जोर लावला. आकार आला, बाइकवर लावली, एकदम छान दिसत होती. मग एकदा झाडाचा चीक पडला होता तो पेट्रोलच्या फडक्याने पुसला, आणि थोड्याच वेळात बरोब्बर वळणावर केसासारख्या बारीक रेषा उमटल्या, उन्हात धरलं की चमकणाऱ्या. फार वाईट वाटलं.

झालं असं की अॅक्रिलिक साधारण १०५ डिग्रीला मऊ व्हायला लागतं, पण नीट आकार द्यायला १५० ते १६० लागतात. मधल्या तापमानाला ते वळतं खरं, पण ताण आतच राहतो, वरून काही दिसत नाही, आणि पेट्रोल, थिनर, स्पिरिट असलं काही लागलं की तिथूनच तडे उघडतात. हीट गनने एवढी मोठी शीट एकसारखी तापतच नाही, एकीकडे बुडबुडे येतात आणि वीतभर पलीकडे अजून कडक असते.

दुसऱ्या वेळी कास्ट (साच्यात ओतून केलेली) शीटच शोधली. एक्सट्रूडेड (यंत्रातून दाबून काढलेली) तापवली की एका दिशेने जास्त आखडते. ओळखायचं असेल तर छोटा चौकोनी तुकडा पूर्ण मऊ होईपर्यंत तापवा, गार झाल्यावर आयत झाला असेल तर ती एक्सट्रूडेड.

आधी पुठ्ठ्याचा साचा कापून बाइकवर टेपने लावला, हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून पाहिलं, केबल, ब्रेकचा पाइप, टाकी, कुठंही घासता कामा नये. उंची एवढीच ठेवली की बसल्यावर नजर वरच्या कडेच्या वरून जाते. मग प्लायच्या फासळ्यांवर पातळ प्लाय वाकवून मोल्ड केला आणि त्यावर मऊ फ्लॅनेल ताणून बसवलं, एकही सुरकुती नको, कारण मऊ शीट सगळ्याचा ठसा घेते.

अॅक्रिलिक हवेतला ओलावा पिऊन बसलेलं असतं, बुडबुडे त्याचेच. म्हणून दोन्हीकडची फिल्म काढून शीट आधी ८० डिग्रीला काही तास सुकवली, मग जुन्या ओव्हनमध्ये १६० (वेगळा थर्मामीटर ठेवा, ओव्हनच्या नॉबवर विश्वास नको, आणि खिडक्या उघड्या ठेवा). कोपरा उचलून पाहायचा, ओल्या चामड्यासारखा लोंबला की झालं. स्वच्छ सुती हातमोजे घालून झटकन मोल्डवर टाकली आणि ती स्वतःच्या वजनाने बसली, मी फक्त कडा धरून होतो. तो क्षण फार सुंदर असतो हो! पंखा बंद, वरून कापड टाकून हळूहळू गार होऊ दिली.

एक बाजू जरा तिरकी आली होती. पण परत तापवली की अॅक्रिलिक आपोआप जवळजवळ सपाट होतं, जणू आपण काही केलंच नव्हतं, त्यामुळे तीच शीट परत टाकली आणि बसली.

भोकं मात्र जपून पाडा, ड्रिलचं साधं बिट आत खेचलं जातं आणि तडा देतं, त्याची धार थोडी बोथट करायची आणि मागे लाकूड धरायचं. भोक बोल्टपेक्षा २ एमएम मोठं, मध्ये रबर वॉशर, आणि आवळायचं बेताने, कारण ऊन लागलं की शीट वाढते, १० डिग्रीला मीटरमागे साधारण ०.७ एमएम. कडा २२०, ४००, ८०० च्या सँडपेपरने पाण्यात घासल्या, ज्योतीने चकाकी आणायचा मोह टाळला, त्याने कडेत परत ताण येतो.

चेहऱ्यासमोर येणारी उंच विंडशील्ड मी अॅक्रिलिकची करणार नाही, फुटलं तर टोकदार तुकडे होतात, तिथं पॉलिकार्बोनेटच हवं.

आता किडे चिकटले की ओलं फडकं थोडा वेळ वर ठेवतो आणि साबणाच्या पाण्याने धुतो. वळणावर अजून एकही रेष नाही.