आमची वाटचाल: मिनेसोटातला एसी आणि त्याच्या दुरुस्तीचं बिल

आमची छोटी कंपनी मिनीआपोलिसच्या पश्चिमेला, प्लिमथ या उपनगरात आहे. घरातल्या फर्नेसची, म्हणजे हिवाळ्यात घर तापवणाऱ्या भट्टीची, आणि एसीची दुरुस्ती हे आमचं काम. मी औंधच्या आयटीआयमधून मेकॅनिक रेफ्रिजरेशन अँड एअर कंडिशनिंग हा ट्रेड केला आणि काही वर्षं पुण्यात विंडो आणि स्प्लिटची कामं केली. पत्नीला आयटीत इथली नोकरी मिळाली म्हणून आम्ही आलो. माझा व्हिसा एच-४, म्हणजे तिच्यावर अवलंबून असलेला, त्यामुळे मला काम करायची परवानगी नव्हती. मे २०१५ मध्ये नियम बदलला आणि ज्यांच्या जोडीदाराचं ग्रीन कार्डचं काम एका टप्प्याच्या पुढे गेलंय अशा एच-४ वाल्यांना वर्क परमिट मिळू लागलं. मग मी इथल्याच एका कंपनीत हेल्पर म्हणून लागलो. एसीत गारवा आणणारा गॅस हाताळायला ईपीएचं, म्हणजे इथल्या केंद्रीय पर्यावरण संस्थेचं, ‘सेक्शन ६०८’ सर्टिफिकेट लागतं, ते काढलं. पुढे स्वतःचं काम सुरू करताना राज्याच्या कामगार खात्याकडे २५,००० डॉलरचा हमीचा बाँड दिला, विमा घेतला, एक जुनी व्हॅन घेतली.

इथल्या मराठी घरांत उन्हाळ्यात पुण्या-नाशिकहून आई-वडील राहायला आलेले असतात. मुलगा-सून ऑफिसच्या मीटिंगमध्ये, आणि माझ्याशी बोलायला काकू. अशाच एका काकूंनी बिल पाहून विचारलं, “अहो दादा, आमच्याकडे हाच कपॅसिटर पाचशे रुपयांत बसवून देतात. इथे सव्वादोनशे डॉलर कसले?” प्रश्न अगदी रास्त होता. मी त्यांना बाहेर नेऊन युनिटचं पॅनल उघडून दाखवलं. कपॅसिटर म्हणजे कॉम्प्रेसर आणि पंख्याच्या मोटरला जोर देणारा छोटा डबा, त्याचं झाकण फुगलेलं होतं. त्यावर ४५/५ मायक्रोफॅरॅड ही क्षमता छापलेली (४५ कॉम्प्रेसरसाठी, ५ पंख्यासाठी), आणि माझ्या मीटरवर ४५च्या जागी ३१ दिसत होते. सहा टक्के कमी-जास्त चालतं, इतकं नाही. एवढ्या बळावर कॉम्प्रेसर नुसता घुं करतो आणि ट्रिप होतो. तो भाग खरंच वीस-पंचवीस डॉलरचा आहे, हेही मी त्यांना सांगितलं. उरलेले पैसे कशाचे, ते समजावून सांगणं हे आमच्या धंद्याचं अर्धं काम आहे असं मला तेव्हापासून वाटतं.

जानेवारीत इथे पारा उणे २५ सेल्सिअसच्याही खाली जातो, आणि जुलैत ३२-३३ अंश, वर तळ्यांच्या या प्रदेशातला दमटपणा. एसी लागतो, पण जेमतेम तीन महिने. पहिल्या कडक उन्हाच्या दिवशी शहरातले सगळे बिघडलेले एसी एकदमच उघडकीस येतात, कारण सप्टेंबरपासून त्यांना कुणी हातही लावलेला नसतो. त्या आठवड्यात माणूस मिळत नाही, आणि रात्रीच्या किंवा रविवारच्या फेरीला कंपन्या दीडपट-दुप्पट लावतात. माणसाचा पगार, व्हॅन, विमा, सुट्या भागांचा साठा हे मात्र बारा महिने चालू असतं. आमची यंदाची व्हिजिट फी ११० डॉलर आहे. कपॅसिटर किंवा कॉन्टॅक्टर (बाहेरच्या युनिटची वीज चालू-बंद करणारा स्विच) बदलला तर सगळं धरून २०० ते २५०. बाहेरच्या पंख्याची मोटर ४५० ते ७००. कॉम्प्रेसर असेल तर दोन हजारांच्या वर. मजुरी, भाग आणि गॅस आम्ही बिलात वेगवेगळ्या ओळींत लिहितो. सगळं मिळून एकच आकडा लिहायची इथे पद्धत आहे, ती मला कधीच पटली नाही.

हिवाळा एसीचं जे करतो ते पुण्यात मी कधी पाहिलं नव्हतं. छपरावरचा बर्फ घसरून खाली युनिटवर पडतो आणि कॉइलच्या पत्र्या वाकतात. उंदीर ऊब शोधत आत घर करतात. मे महिन्यात पॅनल उघडावं तर आत गवत, मेपलच्या बिया, आणि थर्मोस्टॅटकडून येणारी बारीक वायर कुरतडलेली. लोक मायेनं पूर्ण युनिटला ताडपत्री गुंडाळून ठेवतात. त्यात ओल कोंडते, गंज चढतो आणि उंदरांची सोयच होते. वरून फक्त एक फळी टाकून दगड ठेवला तरी पुरे, बाजू मोकळ्याच हव्यात. जूनमध्ये कॉटनवूडची झाडं सावरीसारखा कापूस उडवतात आणि तो कॉइलवर गादीसारखा बसतो. दाब वाढतो, कॉम्प्रेसर तापतो. वीज बंद करून बागेच्या पाइपनं हलकं पाणी मारलं तर घरच्या घरी काम होतं. प्रेशर वॉशर मात्र नको.

आणखी एक गोष्ट इथल्या घरांची. एसीची थंड कॉइल बेसमेंटमध्ये फर्नेसच्या डोक्यावर बसवलेली असते आणि हवा ढकलणारा ब्लोअर दोघांचा एकच. हिवाळाभर चाललेला फिल्टर तसाच राहिला की हवा कमी पडते आणि कॉइलवर बर्फ धरतो. ‘एसी गार करत नाही’ म्हणून फोन येतो. आम्ही फोनवरच सांगतो, आधी फिल्टर बदला, कूलिंग बंद करून नुसता पंखा चालू ठेवा, बर्फ वितळू द्या. कित्येकदा तेवढ्यानं भागतं आणि आमची फी वाचते. नाही भागलं तरी गोठलेल्या कॉइलवर गॅस तपासताच येत नाही, म्हणजे तो वेळ वाया जात नाही. ब्लोअरची मोटरच गेली असेल, तर तो खर्च मी एसीचा मानत नाही. ती मोटर ऑक्टोबरात जाण्याऐवजी जूनमध्ये गेली, एवढंच.

एप्रिलमध्ये तपासणीसाठी फोन येऊ लागतात. बाहेर १५-१६ अंशांच्या खाली असताना एसी चालवणं कॉम्प्रेसरला धोक्याचं, आणि गॅसचं मापही त्या थंडीत नीट मिळत नाही. म्हणून आम्ही मेच्या मध्यापर्यंत थांबायला सांगतो, मग त्या ग्राहकानं दुसऱ्याला बोलावलं तरी चालेल.

गॅसबद्दल आपल्या लोकांच्या डोक्यात ‘दरवर्षी भरायचा’ हे पक्कं बसलेलं आहे. ही बंद सिस्टीम आहे, गॅस वापरून संपत नाही. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळती आहे. ती न शोधता भरणं म्हणजे ग्राहकाचे पैसे हवेत सोडणं, आणि हवेत जाणूनबुजून गॅस सोडणं इथे कायद्यानं गुन्हा आहे. जुन्या युनिटमधला आर-२२ नावाचा गॅस तर २०२० पासून तयारही होत नाही आणि आयातही होत नाही. जुन्या किंवा पुन्हा शुद्ध केलेल्या साठ्यावर काम चालतं, त्यामुळे गॅसचा दर पाउंड वजनामागचा भाव चढलेला. तशा युनिटची कॉइल गळत असेल तर मी दुरुस्ती सुचवत नाही. त्यानंतरच्या आर-४१०ए या गॅसवर चालणारी युनिट नव्या घरगुती सिस्टीमसाठी बनवणंही १ जानेवारी २०२५ पासून बंद झालं. नवीन बऱ्याच युनिटमध्ये आर-४५४बी हा गॅस येतो. तो किंचित ज्वलनशील आहे, त्यासाठी आम्ही वेगळी अवजारं घेतली आणि सगळ्यांनी प्रशिक्षण घेतलं. जुन्या युनिटमध्ये तो भरता येत नाही, हे रोज कुणाला तरी सांगावं लागतं.

मग बदलायचा की दुरुस्त करायचा? इथले विक्रेते युनिटचं वय पाहतात. पंधरा वर्षं झाली, काढून टाका. मला हे घाईचं वाटतं. मिनेसोटातला पंधरा वर्षांचा एसी फ्लोरिडातल्या तेवढ्याच वयाच्या एसीच्या मानानं खूपच कमी तास चाललेला असतो. कॉम्प्रेसर ठीक, गळती नाही, आणि फक्त मोटर किंवा कॉन्टॅक्टर गेला असेल, तर आणखी काही उन्हाळे तो सहज काढतो. गंज आणि कॉइलची गळती मात्र तास मोजत बसत नाहीत, म्हणून त्या दोन जागा आम्ही टॉर्च आणि लीक डिटेक्टर घेऊन नीट पाहतो आणि फोटो ग्राहकाला पाठवतो.

नवीन बसवायचीच वेळ आली तर वॉरंटी वाचून घ्यावी. बऱ्याच कंपन्या भागांची १० वर्षांची वॉरंटी देतात, पण बसवल्यापासून ६० किंवा ९० दिवसांत नोंदणी केली तरच, नाहीतर ती सहसा ५ वर्षांवर येते. आणि ती भागांची असते. मजुरी आणि गॅस ग्राहकाच्याच खिशातून जातो. फुकट मिळालेला कॉम्प्रेसर बसवायलाही हजार-दीड हजार डॉलर होतात, आणि तो धक्का लोकांना जुलैच्या उकाड्यात बसतो. म्हणून आमचा माणूस युनिट बसवून झाल्यावर ग्राहकाच्या घरातूनच नोंदणी करतो, पावतीची प्रिंट फर्नेसच्या दारावर आतल्या बाजूला चिकटवतो, आणि मगच व्हॅन काढतो.