दुसरी सही

बँकेत माझी बरीच वर्षं व्हाउचरं पास करण्यात गेली. एकानं लिहायचं, दुसऱ्यानं तपासून सही करायची. संध्याकाळी गठ्ठा समोर आला की मी खरंच किती तपासायचे, ते विचारू नका. लिहिणारा विश्वासातला असेल तर नजर थेट सहीच्या जागेवर.

त्यामुळे हॅरॉल्ड शिपमनबद्दल वाचताना मी खुनांपेक्षा दहनाच्या फॉर्मांवरच अडकले. मँचेस्टरजवळच्या हाइड गावातला हा डॉक्टर. म्हाताऱ्या माणसांना घरी जाऊन तपासायचा, त्यामुळे लोकांचा लाडका. आणि बहुतेकदा घरीच डायमॉर्फिनचं (मॉर्फिनपासून बनवलेलं जालीम वेदनाशामक) इंजेक्शन देऊन मारायचा. बायका दुपारी, अंगावर नेहमीचे कपडे, खुर्चीत बसल्या जागी गेलेल्या सापडत. 2002 च्या चौकशी अहवालात 215 बळी मोजले आहेत.

इंग्लंडमध्ये दहनासाठी तेव्हा दुसऱ्या डॉक्टरचीही सही लागायची. त्यानं मृतदेह बघायचा, पहिल्या डॉक्टरला विचारायचं आणि सही करायची. फी मिळायची. डॉक्टर मंडळी आपसात तिला ‘राखेचे पैसे’ म्हणत. घरच्यांना काही विचारायची सक्ती नव्हती. मग शिपमन सांगेल तेच कारण!

त्याच्या फॉर्मांवर सह्या करणाऱ्या शेजारच्या दवाखान्यातल्या डॉ. लिंडा रेनॉल्ड्स यांनी मात्र चक्क मोजणी केली. आपल्याकडे पेशंट त्याच्या तिप्पट, तरी मृत्यू त्याच्याकडेच जास्त. मार्च 1998 मध्ये त्यांनी कॉरोनरला, म्हणजे संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याला, कळवलं. (पासिंग ऑफिसरनं स्वतःच पास केलेले गठ्ठे पुन्हा काढून बसणं किती जड जातं, ते मला माहीत आहे.) पोलिसांनी थोडी चौकशी केली आणि एप्रिलमध्ये फाइल बंद. पेथिडीन या नशा आणणाऱ्या वेदनाशामकाच्या खोट्या प्रिस्क्रिप्शनांसाठी 1976 मध्येच या माणसाला दंड झाला होता, हे त्यांनी तपासलंसुद्धा नाही. आमच्याकडे अशाला पुन्हा कॅशवर बसवलं नसतं.

शेवटी सापडला तो मृत्युपत्रामुळे. हाइडच्या माजी महापौर कॅथलीन ग्रंडी 24 जून 1998 ला गेल्या आणि सगळी इस्टेट डॉक्टरच्या नावे असल्याचा टाइप केलेला कागद पुढे आला. मुलगी वकील. आईचं आधीचं मृत्युपत्र तिच्याकडेच होतं, त्यामुळे हा कागद तिला पटेना. ग्रंडीबाईंना पुरलेलं होतं, म्हणून मृतदेह पुन्हा काढता आला आणि मांडीच्या स्नायूत मॉर्फिन सापडलं. त्याआधी दहन झालेल्यांच्या बाबतीत तपासायला मृतदेहच उरला नव्हता. शिपमननं पेशंटांच्या नोंदी मागच्या तारखा घालून बदलल्या होत्या, पण खरी बदलाची वेळ कॉम्प्युटरनं आपली गुपचूप टिपून ठेवलेली.

जानेवारी 2000 मध्ये 15 खुनांबद्दल त्याला जन्मठेप झाली. 2004 मध्ये त्यानं तुरुंगात गळफास घेतला.

मला राहून राहून आठवतात ते एप्रिल ते जून हे महिने. फाइल बंद झाल्यावर ग्रंडीबाई धरून आणखी तिघी गेल्या.